बॅटरी लावली का दिसतंय

पार्वतीकाकू टीव्ही बघायला बॅटरी घेऊन बसायची. बॅटरी म्हणजे आमच्या आटगावात टॉर्च. टीव्हीचा आवाज ठणठणीत, पडदा मात्र काळाकुट्ट. काकू पाटावर बसून टॉर्च पडद्याला टेकवी आणि उजेडाच्या गोलात दिसेल तेवढी मालिका बघे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"हसतंस काय गो?" ती म्हणाली. "सून गावली, सासू कुठं गेली ती हुडकतेय."

तिचा मुलगा किशोर कल्याणला कामाला, रोज जाऊन-येऊन. त्याचं म्हणणं सरळ होतं: जुना भंगारात, नवा भिंतीवर. शेजारधर्म म्हणून मीही त्याचीच री ओढली. शहापूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तोही म्हणाला, चित्र नाही म्हणजे पॅनल गेला, नवीनच घ्या. काकूने फोन माझ्या हातून ओढला.

"गेला कसा? बॅटरी लावली का दिसतंय ना!"

"मग रिमोटचे सेल बदला, मावशी," पलीकडून उत्तर आलं.

काकूने नवे सेल आणून घातलेसुद्धा. पडदा काळाच. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

"किशोर नवा घेतोय तर घेऊ दे की," मी म्हटलं.

"मुरबाडला भाचीकडं बघितला तो नवा. चालू कराया फोन लागतो, मंग ह्ये दाब, त्ये दाब. तिची सासू, ती कामावरून येईस्तोवर, काल्या पडद्याम्होरं बसून ऱ्हाते. मी नाय बसनार. माजा टीव्ही माज्या हातानं चालू झाला पायजे."

दुसऱ्या दिवशी टीव्ही गोधडीत गुंडाळून आम्ही रिक्षाने शहापूर गाठलं. वाटभर तिने तो मांडीवर उभा धरला, माझ्या हाती काही दिला नाही. दुरुस्तीवाल्याने बघताच मान हलवली. "मावशी, फोनवर सांगितलं ना तुम्हाला?"

"शटर खाली वढ," काकू म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शटर ओढलं, टीव्हीला केबल जोडली. काकूने पिशवीतून टॉर्च काढून पडद्याला टेकवला. गोलात बातम्या देणाऱ्या बाईचं नाक-तोंड उमटलं.

"अहो, ही बॅटरी होय!" त्याने कपाळावर हात मारला. "पॅनल धडधाकट आहे. आतल्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात नुसत्या."

"त्येच बोंबलत व्हते चार दिस," काकू म्हणाली आणि काम होईपर्यंत स्टुलावरून हलली नाही.

संध्याकाळी किशोरला तिने सांगून टाकलं, "तू नवा घे, तुज्या खोलीत लाव. मी आडवी येत नाय." त्याने घेतलाही. मला मात्र लाज वाटत राहिली. तिच्याकडून काय काढून घ्यायला निघाले होते, ते मला कळलंच नव्हतं.

जुना टीव्ही पुढे तीन वर्षं चालला. रोज दुपारी घर रिकामं झालं की भिंतीपलीकडून त्याचा आवाज येई. गेल्या भाद्रपदात तो चार वाजले तरी थांबेना, म्हणून मी डोकावले. काकू भिंतीला टेकून बसली होती. हाक मारली, हात धरला. हात गार होता.

किशोरला फोन केला, शेजारपाजार गोळा झाला. कुणीतरी म्हणालं, "अगं, तो टीव्ही बंद कर आधी." मी पुढे झाले, पण बोट बटणाशी जाऊन थांबलं. तिच्या हयातीत मी त्याला कधी हात लावला नव्हता, किशोरनेही नाही.

मग दाबलं.