माहेरच्या नावाची पेटी

“काकू, ते म्हणतात या नावाचं कोणी नाईच. पत्र वापस आलं,” दारात उभी राहून ती मुलगी म्हणाली. लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात होता. नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं तिच्या मैत्रिणीला ईमेलने आलं, हिला आलं नाही, म्हणून हिने त्या ऑफिसात फोन केला होता. मुलाखत दुसऱ्याच दिवशी सकाळी, नागपूरला.

ते नाव मीच खोडलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बोरगाव मेघेला आमच्या पुढच्या खोलीत माझ्या मुलीने ईमेलचा सर्व्हर, म्हणजे आलेली पत्रं घेऊन ठेवणारं मशीन, मांडला होता. ओळखीच्या पोरींना ती त्यावर पत्ते द्यायची. मशीनवर त्यांची खरी खाती नव्हती. एका यादीत प्रत्येकीचं नाव आणि नावासमोर तिची टपालपेटी, एवढंच. नाव यादीत असेल तर पत्र आत, नसेल तर आल्या पावली परत. मुलगी दिवसा कॉलेजात शिकवायची, म्हणून नावं चढवायचं काम तिने मला शिकवलं. मी चौथी पास. इंग्रजी अक्षरं एका बोटाने शोधायची, आणि शेजारणींना सांगायची की सर्व्हर मीच चालवते.

दारात आलेल्या त्या पोरीच्या लग्नाला मी गेले होते. सासरी तांदळात बोटाने तिचं नवं नाव लिहिलं, ते मी पाहिलं. घरी येऊन यादीतलं जुनं नाव खोडलं आणि नवं टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मी फार हुशार.

माझ्या मुलीला कॉलेजातून बोलावून घेतलं.

“आई, काऊन बदललं?”

“लग्न झालं न तिचं.”

“तिचं झालं, पत्त्याचं नाई. विचारलं होतं तिले?”

“सासरच्यांनी तरी कुठं विचारलं?”

यावर ती नवी नवरी हसली आणि मग रडायला लागली.

माझ्या मुलीने जुनं नाव यादीत परत घातलं. दोन्ही नावांची पत्रं एकाच पेटीत पडतील असं केलं. मग त्या ऑफिसला फोन लावून पत्र पुन्हा पाठवायला सांगितलं. पलीकडचा माणूस “बघतो” म्हणाला. आम्ही पडद्यापुढे बसून राहिलो. चहा करायचंही मला सुचलं नाही. चार वाजता पत्र आलं.

नोकरी तिला लागली. त्या दुपारी खोलीत आम्ही तिघीच होतो. तिघीही अजून हयात आहोत, हवं तर विचारा.