शॉकअपला तळणाचं तेल

सांगते, पर आधी हातातला चहा खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल नको. अशी फजिती झाली माझी, की आजबी लोहाऱ्याचं नाव निघालं की मी पदर तोंडावर घेते!

माझी नात कोमल बाळंतपणाला माहेरी आणायची व्हती. तिचं सासर लोहारा, आमी नळदुर्गाजवळचे. माझा ल्योक बाळू गाडी घेऊन जाणार, सोबत मी. पर कोमलची सासू फोनवर काय म्हणाली, माहिताय? "दिवाळीला तुमची गाडी आली तवा गल्लीभर कुईं-कुईं ऐकू गेलं. असल्या गाडीत दिवस भरत आलेली पोरगी मी धाडायची न्हाय. वाटंत हिसका बसला म्हंजे?"

विहीणबाईंचं खोटं नव्हतं. खड्डा आला की गाडी पुढच्या चाकात कण्हायची. बाळू म्हणायचा, "शॉकअपपाशी कायतरी वाजतंय आये. पोरीला आणलं की दाखवतो मिस्त्रीला."

शॉकअप म्हंजे काय? मला पुसा! चाकाच्या आतल्या अंगाला नळा असतो, वर-खाली व्हतो आन हिसका गिळतो. बाळू चाक बदलत व्हता तवा म्या वाकून बघितला व्हता.

निघायच्या आदल्या दिवशी मला चैन पडंना. चूल सोडून गाडीकडं, गाडी सोडून चुलीकडं. पोरगी तिकडंच राहिली तर? पयलं बाळंतपण, आन आई जवळ न्हाय! येरझारा घालता घालता डोक्यात उजेड पडला. अहो, जन्म बैलगाडीत गेला माझा! चाक कुरकुरलं की काय करायचं? वंगण! आखाला तेलाची चिंधी फिरवली की गाडी मुकी.

सकाळी बाळू आंघोळीला गेला. करंज्या तळलेलं तेल कढईत उरलंच व्हतं. काठीला चिंधी बांधली, चाकामागं घातली आन चारी शॉकअप चोपडून काढले. वर रबर दिसलं, त्यालाबी पाजलं. चिंधी काय टाकून देते व्हय? वाटंत परत कुरकुरली तर असावी म्हणून पिशवीत घातली.

आन काय सांगू, गाडी गप! खड्ड्यामागं खड्डा, पर हूं न्हाय की चूं न्हाय.

"आये, आपोआप कसं थांबलं गं?"

मी खिडकीतून उसाचे फड बघत बसले. सांगितलं असतं तर उतरवलं असतं ना त्यानं!

विहीणबाईंच्या दारात गाडी मुक्यानं थांबली. त्या कान देऊन उभ्याच. मी ओसरीवर टेकते न टेकते, तोवर गल्लीतली कुत्री गोळा! ह्या चाकाला एक, त्या चाकाला दोन. आत मान घालून मचामचा चाटायलीत.

"काय हो आजी हे?" विहीणबाईंनी इचारलं.

"तुमच्या गावची कुत्री, मला काय ठावं?"

बाळूनं वाकून बघितलं. उठला तो तोंड पाडूनच. "आये, चारी शॉकअपमधून आतलं तेल बाहेर आलंय. गेले!"

"म्हणून मी म्हणत व्हते!" विहीणबाईंनी कोमलची बॅग उचलली आन आत नेली. पोरगी दारात उभी, डोळे भरलेले. "आजी, न्हेणार ना मला?"

बोलावं तर विहिणीपुढं लाज, न बोलावं तर पोरगी इथंच. मी उठते, बसते, परत उठते. घागरभर पाणी प्याले असंन!

कोपऱ्यावरचा रफिक मिस्त्री आला. त्यानं गाडीचा एक कोपरा दाबला आन सोडला. गाडी वर आली आन थांबली. चारी कोपऱ्यांना तसंच. "गेला असता तर पाळण्यावानी झुलत राहिली असती. शॉकअप ठीक हैत."

"मग तेल?" बाळूनं इचारलं.

"वोईच तो! गेला तर एखादा जातो. चारी मिळून रडायला काय घरात मयत झाली?" त्यानं बोट फिरवलं, हुंगलं. "याला तर तळणाचा वास यायलाय!"

तेवढ्यात एक पिवळं कुत्रं ओसरीवर चढलं, सरळ माझ्या पिशवीत तोंड घातलं आन चिंधी वढून अंगणाच्या मधोमध न्हेली. सगळे चिंधीकडं बघतात, मग माझ्याकडं.

"वंगण घातलं," मी म्हणाले. "बैलगाडीला घालतात तसं."

मिस्त्रीनं हसू गिळलं. "अम्मा, आवाज वरच्या रबरी बूशचा. तो झिजलाय. तेलानं रबर फुगतं, आणिक लवकर जातं. आन हे ब्रेकवर सांडलं असतं तर? गाडी थांबली नसती."

आन याच गाडीत पोटुशी पोरगी न्यायला निघाले व्हते मी!

पयल्यांदा कोमल हसली, मग विहीणबाई. मिस्त्रीनं सगळं साबणानं धुतलं, नवा बूश बसवला.

"आता मीच सोबत येते," विहीणबाई म्हणाल्या, "बघते हिसका बसतो का." मागं कोमल आडवी, पुढं विहीणबाई. मी?

"तुमी एसटीनं या आजी. गाडीपासनं लांबच बऱ्या!"

जागा मिळाली ती बरोबर मागच्या चाकावर. प्रत्येक खड्डा मला नावानिशी भेटून गेला.

घरी पोचले तर कोमल लोडाला टेकून करंजी खातेय. "आजी, जराबी हिसका न्हाय बसला!"

मी कंबर धरून उंबऱ्यात उभी. विहीणबाई उठल्या, माझा खांदा हलकाच दाबला आन सोडला. मी जी खाली बसले, ती वर आलेच न्हाय!

"कोमल," त्या म्हणाल्या, "कढईत तळणाचं तेल उरलंय का बघ गं!"