पायलीखालचा दिवा

शेजारची मुलगी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची, पण माझ्यासाठी नव्हे, बाबांसाठी. पार्ल्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कॉन्व्हेंटला जाणारी ती एकटीच. तिच्या शाळेत बायबलमधले उतारे पाठ म्हणायची स्पर्धा होती, आणि त्यातलं जुनं इंग्रजी तिच्या घरी कुणालाच कळत नव्हतं. बाबांना कळायचं. लहानपणी ते रत्नागिरीकडे मिशनच्या शाळेत शिकलेले.

ऑफिसातून आल्यावर माझ्याशी धड दोन शब्द न बोलणारे बाबा ती पुस्तक घेऊन आली की खुलायचे. 'गर्ड अप दाय लॉइन्स' समजावताना तर ते चक्क धोतर नेसून आले आणि कासोटा खोवून दाखवला. "तेव्हाची माणसं पायघोळ झगे घालायची. कामाला निघताना ते वर खोचून बांधायची. आपण कंबर कसतो ना, तेच!" दोघं हसत सुटली. आत तांदूळ निवडताना माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या मराठी शाळेतल्या वह्या त्यांनी कधी उघडूनही पाहिल्या नव्हत्या.

एकदा मीच म्हटलं, "बाबा, मलाही सांगा ना."

"तुला कशाला? तुझ्या परीक्षेत येणारेय का ते?"

मग एका तिन्हीसांजेला गाडी अडली. दिवा लावून कुणी 'बुशेल'खाली ठेवत नाही, असं काहीसं उताऱ्यात होतं.

"काका, हे बुशेल काय असतं?"

"धान्य मोजायचं माप."

"पण मापाखाली दिवा कसा ठेवणार?"

बाबा हातांनीच हवेत मापाचा आकार काढू लागले. मला राहवेना. तांदळाच्या डब्यातली, गावाहून आणलेली लाकडी पायली उचलली, बाहेर आले आणि देवापुढच्या निरांजनावर पालथी घातली. थोड्या वेळाने उचलली. दिवा विझला होता.

"हे असं," मी म्हणाले.

आई ओरडली, "अगं, दिवेलागणीला देवापुढचा दिवा घालवलास? डोकं फिरलंय का तुझं?"

बाबा मात्र खूश झाले. आता 'ये, बस इथे' म्हणतील, म्हणून मी पायली हातात धरून उभी राहिले.

"बघितलंस?" ते तिला म्हणाले. "आमच्या हिला काही शिकवावं लागत नाही."

आणि पान उलटून ते तिला पुढचं सांगू लागले. मी आत येऊन पायली डब्यात ठेवली. बुशेलचं मला काय करायचं होतं? बाबांनी मला शिकवायला हवं होतं.