स्वतःचं गाऱ्हाणं

समुपदेशनाच्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी एका गृहस्थांचा नंबर माझ्या आधी असायचा. रत्नागिरीत अशा ठिकाणी कुणी कुणाचं नाव विचारत नाही, मीही विचारलं नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून ते तिची कड अंगठ्याने चोळत बसायचे. आत जायचे आणि लगेच बाहेर यायचे.

"बोललात काय?" एकदा मी विचारलं.

"कसला बोलतोय! मॅडम विचारतात, तुम्हाला काय होतंय. माझं तोंडच उघडत नाय."

मग सांगू लागले. त्यांच्या गावात शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं तेच घालायचे. कुणाची नोकरी, कुणाचं आजारपण, सगळं देवाकडे तेच मागायचे.

"दुसऱ्याचं घालताना आवाज वाडीभर जातो. स्वतःचं कसं घालतात, ते कुणी शिकवलंच नाय."

समजूत घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, "मग दुसऱ्याचं म्हणूनच घाला."

त्यांनी टोपी घातली, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हा जो माणूस इथे बसलाय, त्याची बायको गेल्यापासून त्याला झोप नाय..."

गाऱ्हाण्यात अशा प्रत्येक मागणीवर सगळा गाव एका सुरात होकार देतो. बाकावर आम्ही दोघंच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.