बाबांचा लंगडा बैल

उन्हात तापलेल्या कापसाचा वास आला की मला आर्णीजवळचं आमचं घर आठवतं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. दिवाळीला माहेरी आलेली थोरली बहीण कापूस बाजारात नेणाऱ्या बैलबंडीतून सासरी परतणार होती. तिचं गाव बाजाराच्या वाटेवरच होतं. माजघर कापसानं आढ्यापर्यंत भरलं, आम्ही भावंडं त्यावर लोळत होतो, पण बाबा काही बंडी जुंपेनात. "बैल लंगडून राह्यला," असं ते रोज सांगत. "कुठी लंगडते? चांगला तर चालते!" आई म्हणे. पाचव्या दिवशी बहिणीनंच विचारलं, "बाबा, बैल बरा झाला का?" तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "अजून दोन दिवस लागतीन, माय." ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा आमच्यात येऊन बसली. आता माझी लेक घरी आली की परतीच्या तिकिटाचा विषय मीही काढत नाही.