टीव्हीच्या डोक्यावरचा मिरीचा वेल

बदलापूरला खरी थंडी पडते, हे अंबरनाथला राहून आम्हांला पटत नव्हतं. पुढचंच तर स्टेशन, तेवढ्यात काय फरक पडणार? पण अंबरनाथ पश्चिमेची आमची बिल्डिंग पाडायला काढली आणि आम्ही बदलापूरच्या शिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. त्या डिसेंबरात डोंगराकडून असा वारा सुटला की फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बाबांनी पेटीत टाकलेला मफलर परत बाहेर आला.

माणसांचं भागलं, पण आईच्या मिरीच्या वेलाचं काय? तो वेल तिच्या माहेरचा. मामाने कोकणातली वाडी विकली तेव्हा आईने वाटणी मागितली नाही की एक भांडं मागितलं नाही. वेलाचे तुकडे तेवढे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. अंबरनाथला अंगणातल्या आंब्यावर ते चढले आणि चांगले माजले. बदलापूरच्या गॅलरीत मात्र वेल दर हिवाळ्यात पानं टाकायचा.

म्हणून दिवाळी झाली की आई फांद्या कापून थर्माकोलच्या खोक्यात रोवायची, वर प्लास्टिक ओढायची आणि खोकं टीव्हीवर ठेवायची. आमचा टीव्ही जुना, ढेरपोट्या. तासभर चालला की त्याचं डोकं तापायचं. लोडशेडिंग नसेल तेव्हा तो दिवसभर चालू असे, आई स्वयंपाकघरात असली तरीही. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाबांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं, की हिला मालिकांचं वेड आहे, पोळ्या लाटतानासुद्धा ऐकत असते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने सांगायचेही.

एका हिवाळ्यात गॅलरीतला वेल बुडापासून वाळला. खोक्यातल्या फांद्या तेवढ्या उरल्या, नुकते कोंब धरलेल्या. त्याच संक्रांतीला आई हळदीकुंकवाला गेली असताना बाबांनी उल्हासनगरच्या बाजारातून भिंतीवर टांगायचा चपटा टीव्ही आणला. दुकानदाराच्या माणसांनी जुना टीव्ही बदल्यात उचलून नेला. खोकं बाबांनी स्वतःच्या हाताने जपून खिडकीत ठेवलं, ऊन मिळेल म्हणून.

आई आली. नवा टीव्ही बघून हसली, छान आहे म्हणाली, आणि सरळ खिडकीकडे गेली. नव्या टीव्हीला डोकंच नव्हतं. तिने खोकं फ्रिजवर ठेवून पाहिलं, शेगडीजवळ ठेवून पाहिलं. आठवडाभरात फांद्या काळ्या पडल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं बाबांचं झालं. फरक इतकाच, की त्यांना ते ठाऊक नव्हतं.

टीव्ही बंदच असतो, हे शेवटी त्यांच्या लक्षात आलं. आवडला नाही का, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा आईने सांगितलं, "मी कुठे बघत होते? फांद्यांना ऊब लागायची."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दोन दिवसांनी पिशवी घेऊन निघाले, म्हणाले, तुझ्या माहेरच्या वाडीवरून वेल आणतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरोखरच वेल घेऊन आले. आईने पान हातात धरून पाहिलं. बाबा दारातच उभे होते, चपलाही काढल्या नव्हत्या.

"हाच तो," आई म्हणाली.

बाबा अंघोळीला गेल्यावर तिने मला हळूच सांगितलं, "आमच्या वेलाचं पान अरुंद होतं गं. हा कुठल्यातरी नर्सरीतला. त्यांना बोलू नकोस."

बाबा वाडीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतले होते की तिथे गेलेच नव्हते, मला कधी कळलं नाही. नर्सरीतला वेल राकट निघाला, थंडीला दादच देईना. गॅलरीच्या जाळीवर चढला, त्याला मिरीही धरली. पाहुणे आले की बाबा त्यांना गॅलरीत नेऊन दाखवायचे, "हिच्या माहेरचा." आई मान डोलवायची. पूर्वी ती कधीकधी वाडीच्या आठवणीने रडायची आणि बाबा नुसते शेजारी बसून राहायचे. त्यानंतर तिला रडता आलं नाही. तिचं माहेर गॅलरीत हिरवंगार उभं होतं, आणि ते बाबांनी आणून दिलं होतं.