तिसरी वायर

शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. वडिलांची जुनी गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली की मी त्याच्याकडे जायचो. तो इंजिन चालू ठेवूनच प्लगच्या वायरी फडक्यात धरून एकेक काढायचा. वायर काढल्यावर इंजिन गचके खायला लागलं, की समजायचं, त्या वायरीचा सिलिंडर काम करतोय. मग वायर परत बसवताना तो त्या सिलिंडरला म्हणायचा, "सॉरी हां, तुझा फॉल्ट नाय." मला हसू यायचं.

त्या दिवशी मी वैतागून गाडी उल्हासनगरला भंगारातच द्यायला निघालो होतो. तिथवर तरी जावी म्हणून त्याच्याकडे थांबलो आणि तसं त्याला सांगितलं. त्याने तिसरी वायर काढली, तरी आवाजात काही फरक पडला नाही.

"मेला ना हा?" मी विचारलं.

"मेला कशाला, साहेब? करंटच पोचत नाय त्याला."

त्याने नवी वायर लावली. इंजिन एका लयीत चालायला लागलं. तो बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ ऐकत राहिला.

"उल्हासनगरला ना?"

मी पैसे देऊन आत बसलो. गाडी घराकडे वळवली आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून स्टिअरिंगला हळूच म्हणालो, "सॉरी हां."